नावाड्याचं गवत

वनस्पती संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून गेलं की उजव्या हाताला एक लांबोडकी खोली आहे. त्या खोलीत एकतीस वर्षं एकच बाई सुकलेली झाडं कागदावर चिकटवत बसायची. कामावरची माणसं तिला डिंकताई म्हणत. सुरुवातीला कुणीतरी थट्टेत म्हणालं असेल. पुढे हजेरीपट सोडला तर सगळीकडे तेच नाव चाललं. तिलाही त्याचा राग नव्हता. "नावाप्रमाणेच आहे मी," ती म्हणायची, "एकदा बसले की सुटत नाही."

काम दिसायला सोपं, करायला चिवट. कुणी रानातून, काठावरून झाड आणलं की ते टीपकागदात घालून दाबायचं, ओल शोषून घेतलेले कागद रोज बदलायचे, पुरतं सुकलं की जाड पांढऱ्या कागदावर मांडायचं. एखादं पान मुद्दाम उलटं ठेवायचं, म्हणजे पाठीमागच्या शिरा दिसतात. नाजूक भागाला डिंक, जाड काडीला सुईदोरा. गळालेले तुकडे छोट्या पाकिटात घालून त्याच कागदाला चिकटवायचे. आणि शेवटी कोपऱ्यात लेबल: काय, कुठे, कधी, कुणी. यातलं 'कुणी' तिच्या सरांनी पहिल्याच दिवशी तिच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. "ज्या कागदावर गोळा करणाऱ्याचं नाव नाही, तो कागद म्हणजे पालापाचोळा. बिनदिक्कत फेकून द्यायचा."

संग्रहालयाच्या मागूनच नदी वाहते. दोन्ही काठांवर गवत. गवत आपलं म्हणायचं. दोन पुरुष उंच, अंगठ्याएवढ्या जाड काड्या, वर करडा तुरा, आणि आत शिरलं तर हातभरावरचा माणूस दिसणार नाही इतकं दाट. कपडे धुण्याच्या पायऱ्या त्याने गिळल्या, मासे धरणाऱ्यांच्या वाटा गिळल्या, पात्र असं आवळलं की जरा पाणी वाढलं की ते खालच्या आळीत घराघरात शिरायचं. नगरपालिकेची माणसं ते कापायची आणि महिन्याभरात ते पुन्हा डोकं वर काढायचं. शास्त्रातलं त्याचं नाव लांबलचक, कुणाच्या जिभेवर न बसणारं. शहरात लहानथोर त्याला नावाड्याचं गवत म्हणत.

तो नावाडी म्हणजे डिंकताईचे वडील.

ती दहा वर्षांची असताना बाबांची होडी जोरात चालायची. पूल लांब, फेरा मोठा, त्यामुळे अलीकडची माणसं पलीकडे जायला त्यांच्याच धक्क्यावर येत. उन्हातान्हात माणसं ताटकळतात म्हणून बाबांनी धक्क्यावर एक छप्पर घालायचं मनावर घेतलं. नदीच्या वरच्या अंगाला, त्यांच्या आजोळी, बोरूची, म्हणजे उंच पोकळ काड्यांच्या गवताची, बेटं होती. तिथून त्यांनी बारा पेंढ्या होडीत घालून आणल्या आणि छप्पर शाकारलं. लोकांनी शाबासकी दिली. कुणीतरी म्हणालं, "नावाडी, आता इथे पंखाही लावा." बाबा म्हणाले, "वल्हं मारता मारता वारा घालीन की!"

दोन-तीन वर्षांत काठावर जिकडेतिकडे उंच गवत दिसायला लागलं. पुराचं पाणी ओसरलं की नव्या ठिकाणी कोंब. ओरड झाली, वर्तमानपत्रात आलं, समिती बसली. समितीत अभियंता होता, आरोग्य खात्याचा माणूस होता, कुणी वनस्पतींचे जाणकार होते. अहवालाचा सारांश पहिल्या पानावर छापून आला: हे गवत धक्क्यावरच्या नावाड्याने वरून आणलेल्या पेंढ्यांमधून पसरलं असण्याची दाट शक्यता आहे. 'शक्यता' हा शब्द छापण्यापुरता. वाचणाऱ्यांनी त्याचा निकाल केला. होडीचा परवाना गेला. ज्यांना बाबांनी वीस-वीस वर्षं पलीकडे पोचवलं होतं, ती माणसं रस्त्यात तोंड फिरवायला लागली. खालच्या आळीत पाणी शिरलं की एखादी बाई दारात उभी राहून, आईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "आणा अजून पेंढ्या!"

बाबा लाकडाच्या वखारीत पहारेकरी झाले. पण रोज सकाळी कामावर जाण्याआधी विळा घेऊन काठावर जात आणि तासभर गवत कापत. कुणी सांगितलं नव्हतं. डिंकताई बरोबर असायची. बाबा कापायचे, ती काड्या गोळा करून धारेत सोडायची. "जाऊ दे वाहून," बाबा म्हणायचे, "समुद्रात जाऊन बुडू दे एकदाचं." ती पोरगी काड्या वळणाआड जाईपर्यंत बघत राहायची. तेवढंच आपण काहीतरी निस्तरतोय असं तिला वाटायचं.

कापता कापता बाबा एखादी काडी तिच्या हातात देत. "बघ, खरबरीत लागते की नाही? आणि बुडापासून हिरवी. माझा बोरू असा नाही. तो गुळगुळीत, पेरापाशी तांबूस. हे माझं नव्हे, पोरी."

ती मान डोलवायची. पण मनातून तिला वाटायचं, पकडलेला प्रत्येकजण असंच म्हणतो. शाळेत सगळे म्हणत होते, पेपरात होतं, समितीत शिकलेली माणसं होती. एकदा बाबांनी दोन्ही काड्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, धुतलेला सदरा घातला आणि संग्रहालयात कुणा जाणकाराला विचारायला गेले. अर्ध्या तासात परत आले. आईने विचारलं, "काय म्हणाले?"

"एकच आहे म्हणाले."

त्या दिवसानंतर बाबांनी 'माझं नव्हे' हा विषय काढला नाही. गवत कापणं मात्र सोडलं नाही. मोठा भाऊ, दादा, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तो घरात कुणाशी धड बोलेनासा झाला आणि एक दिवस दुसऱ्या शहरात छापखान्यात काम मिळालं म्हणून निघून गेला. पत्र यायचं, तो यायचा नाही. बाबा गेले तेव्हाही अंत्यविधी उरकल्यावर पोचला आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परतला. डिंकताईने त्याला मनातून कधीच माफ केलं नाही.

बाबा गेल्यानंतर आठवड्याभरात एक गृहस्थ सायकलवरून घरी आले. संग्रहालयाचे प्रमुख. त्यांनी आईला विचारलं, "मुलगी शिकलेली आहे ना? अक्षर कसं आहे?" आईने तिची जुनी वही दाखवली. "सोमवारपासून पाठवा," ते म्हणाले. ते तिचे सर.

पहिल्या दिवशी ती त्यांच्या टेबलासमोर उभी राहून घाबरत म्हणाली, "सर, आधीच सांगते. मी त्या नावाड्याची मुलगी."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माहीत आहे मला. त्यात तुझा काय दोष?"

हे वाक्य तिने एकतीस वर्षं जपलं. सगळं शहर बोट दाखवत असताना एक माणूस असा निघाला, असं ती म्हणायची. सरांनी तिला झाडं ओळखायला शिकवलं, भिंगातून बघायला शिकवलं, लॅटिन नावं वाचायला शिकवली. तिच्या लग्नाच्या नोंदणीला वडिलांच्या जागी साक्षीदार म्हणून त्यांनीच सही केली. नवरा पाच वर्षांपूर्वी गेला तेव्हा सर, वय पंचाहत्तर, दोन मजले चढून तिच्या घरी आले आणि तिच्याजवळ तासभर बसून राहिले. ते निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी तिच्या हातात एक किल्ली दिली होती. "कोपऱ्यातलं ते लोखंडी कपाट माझं आहे. त्यात नको असलेल्या जादा प्रती आहेत, पसारा नुसता. कुणाला उघडू देऊ नकोस. सवडीने मी लावीन." सवड त्यांना कधी झाली नाही. डिंकताईने वीस वर्षं ते कपाट बाहेरून पुसलं, आत डोकावली नाही. सरांनी सांगितलं म्हणजे सांगितलं.

मग चष्मेवाली आली. अठ्ठावीस वर्षांची संशोधक, केसांत कायम एक पेन्सिल खोचलेली आणि डोळ्यांवर बाटलीच्या बुडाएवढा चष्मा. तिला शोधायचं होतं की हे गवत मुळात आलं कुठून आणि पसरलं कसं. नदीच्या दोन्ही काठांवर, शहरापासून मुखाकडे, तिने एकशे चाळीस ठिकाणची पानं गोळा केली. पानांचे तुकडे प्रयोगशाळेत जात, तिथे त्यातला डीएनए वेगळा करून एकमेकांशी ताडून बघत. डिंकताई प्रत्येक ठिकाणचा एक नमुना कागदावर चढवायची. दोघींचं छान जमलं. पोरीने तिला पहिल्याच आठवड्यात विचारलं, "ताई, याला नावाड्याचं गवत का म्हणतात?" डिंकताईने सगळं सांगितलं. पोरगी म्हणाली, "सॉरी ताई."

"तू कशाला सॉरी? तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस."

तीन महिन्यांनी एका दुपारी चष्मेवाली जिने धावत चढून आली. हातातला कागद तिने नमुन्यांवरच ठेवला. एरवी डिंकताई ओरडली असती.

"ताई, हे सगळं एकच झाड आहे."

"एकाच जातीचं म्हणजे?"

"नाही, नाही. एकच. एकशे चाळीसपैकी एकशे एकोणचाळीस ठिकाणी अगदी एकच. आईमुलं नाहीत, भावंडंही नाहीत. एकाच जिवाचे तुकडे. याला बी धरतच नाही. काडीचा नाहीतर मुळाचा तुकडा तुटतो, पाण्यातून वाहत जातो, अडकतो तिथे रुजतो. एक पेर पुरे."

डिंकताईच्या हातातली सुई तशीच राहिली. "कापून पाण्यात सोडलं तर?"

"मग तर आयतंच," पोरगी बोलून गेली आणि एकदम थबकली. समोरच्या बाईचा चेहरा कागदासारखा झाला होता.

विळ्याचे सपकारे, धारेला लागलेल्या काड्या, वळणाआड जाणारा हिरवा पुंजका. दहा वर्षं.

"आणि ते उरलेलं एक?" तिने कसंबसं विचारलं.

"तेच सांगायला आले. जुन्या धक्क्याच्या मागे गवताचं एक लहानसं बेट आहे, बारा-पंधरा पावलांचं. ते दिसायला तसंच, पण वेगळं. ते इथलंच, नदीच्या वरच्या अंगाचं. जुना बोरू. तो कुठे पसरलेला नाही, कुणाला त्रास दिलेला नाही. काडी गुळगुळीत आहे, पेरापाशी…"

"तांबूस," डिंकताई म्हणाली.

बाबांच्या पेंढ्यांतलं एखादं जिवंत मूळ तिथे रुजलं होतं आणि चव्वेचाळीस वर्षं गुमान उभं होतं.

आता प्रश्न उरला तो दुसऱ्याचा. ते परक्या वंशाचं होतं, दूर देशातल्या खाडीकाठचं. तिथल्या नमुन्यांशी ते जुळत होतं. पण इथे आणलं कुणी? चष्मेवालीने संग्रहातले शंभर वर्षांचे जुने बोरूचे कागद तपासले. सगळे इथलेच. "ताई, अजून कुठे गवतांचे कागद आहेत का? न नोंदवलेले, जादाचे वगैरे?"

डिंकताईने कोपऱ्यातल्या कपाटाकडे पाहिलं. सरांना फोन करून विचारावं असं तिच्या मनात आलं, तिने फोन उचललाही. मग म्हणाली, "जादा प्रती तर आहेत. त्याला काय विचारायचं?"

कपाटात चार गठ्ठे होते. वरच्या तिन्हींत खरोखरच जादा प्रती. चौथ्याला दोरीची गाठ. त्यात गवताचे सहा कागद निघाले, एकाच झाडाचे, उत्तम सुकवलेले, रंगही फारसा उडालेला नाही. लेबलावरचं अक्षर ओळखायला तिला चष्मा लागला नाही. 'संग्रहालयामागील चाचणीचा वाफा. बंधाऱ्याची माती धरून ठेवण्यासाठी परदेशातून मागवलेल्या मुळांपासून वाढवलेलं. वाढ अतिशय जोमदार.' शेवटच्या कागदावर आणखी एक ओळ होती: 'पुरात वाफा वाहून गेला.' खाली तारीख. खाली गोळा करणाऱ्याचं नाव.

पहिल्या कागदावरची तारीख बाबांच्या पेंढ्यांच्या चार वर्षं आधीची होती. वाफा वाहून गेल्याची, दोन वर्षं आधीची.

चष्मेवालीने पाकिटातला एक तुकडा प्रयोगशाळेत नेला. दहा दिवसांनी उत्तर आलं. जुळलं. त्या दहा दिवसांत डिंकताईने एक काम केलं. तिने शेजारच्या खोलीतून तो जुना समितीचा अहवाल काढून आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाचला. वनस्पतींविषयीचं प्रकरण सातवं. त्याखाली सही होती ती तिच्या लग्नाच्या दाखल्यावर होती तीच.

सरांच्या घरी ती रविवारी सकाळी गेली. दार त्यांच्या मुलीने उघडलं. "या, या! बाबा गच्चीवर आहेत, कुंड्या बघताहेत." सर ऐंशीचे झाले होते, पण ताठ. तिला बघून त्यांचा चेहरा फुलला. "ये पोरी. बऱ्याच दिवसांनी?"

तिने पिशवीतून त्या लेबलाची छायाप्रत काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी वाचली. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कपाट उघडलंस," ते म्हणाले.

"हो. सर, एवढंच सांगा. माझे बाबा दोन काड्या घेऊन संग्रहालयात आले होते. कुणाकडे आले होते?"

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटार सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"माझ्याकडे."

"आणि तुम्हाला फरक दिसला होता?"

"दिसला होता. शिकवल्याशिवाय तो फरक ओळखणारा तो पहिलाच माणूस मी पाहिला." त्यांनी कुंडीच्या कडेवरची माती बोटाने झाडली. "मी सांगितलं, एकच आहे."

"का?"

"माझा वाफा होता. परवानगी न घेता मुळं मागवली होती. कळलं असतं तर नोकरी गेली असती, संग्रहालय बंद झालं असतं. आणि समितीच्या हातात त्या पेंढ्यांची गोष्ट आयतीच आली. मला वाटलं, परवाना जाईल, दुसरं काही काम मिळेल. माणूस कष्टाळू होता."

"ते रोज सकाळी कापून पाण्यात टाकत होते. मी टाकत होते. तुमच्या खिडकीतून दिसायचं ते. तुम्हाला माहीत होतं ना, त्याने गवत वाढतं?"

सरांनी छायाप्रतीची घडी घातली.

"सांगायचं तरी! पेंढ्यांचं राहू द्या. एवढंच सांगायचं, की बाबा रे, कापून पाण्यात टाकू नकोस. एक वाक्य, सर."

"सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत." मग आवाज जरा चढवून म्हणाले, "पण मी तुझ्यासाठी जे करता येईल ते केलं की नाही? नोकरी दिली, विद्या दिली. मुलीसारखं वागवलं. ते काय खोटं होतं?"

हे तिला सर्वांत जास्त लागलं, कारण ते खोटं नव्हतं. तेच तर दुखणं होतं. शत्रूने मारलं असतं तर तिने दोन शिव्या घालून मन मोकळं केलं असतं. इथे ज्या हाताने तिला अक्षर वळवायला शिकवलं, त्याच हाताने केसाने गळा कापला होता. "'त्यात तुझा काय दोष,' असं म्हणाला होतात तुम्ही," ती म्हणाली. "म्हणजे त्यांचा आहे, हे मला शिकवलंत. मी ते शिकले, सर. माझ्या बापावर मी विश्वास ठेवला नाही."

ती उठली. मागून सर म्हणाले, "पेंढ्यांचं आम्हाला कुणी सांगितलं ते माहीत आहे का तुला? सगळं माझ्यावर टाकू नकोस. तुझ्या भावाने सांगितलं."

जिना कसा उतरली ते तिला आठवत नाही.

सोमवारी नव्या संचालकांनी तिला आणि चष्मेवालीला खोलीत बोलावलं. चांगले गृहस्थ, सगळ्यांशी गोड. चष्मेवालीचा लेख तयार होता आणि त्यात कुठल्या कागदांचा पुरावा आहे त्या यादीवर संग्रहाची देखभाल करणारी म्हणून डिंकताईची सही लागणार होती. संचालक म्हणाले, "असं करू या का, 'संग्रहालयातला एक जुना नमुना' एवढंच लिहू. नाव नको. त्यांचं वय झालंय. संस्थेचीही अब्रू आहे. तुम्हीच तर त्यांच्या सर्वांत जवळच्या."

चष्मेवाली तोंड उघडणार तेवढ्यात डिंकताई म्हणाली, "साहेब, बिननावाचा कागद पालापाचोळा असतो. मी पालापाचोळ्यावर सही करत नाही."

"ताई, जरा विचार करा."

"एकतीस वर्षं विचार न करता राहिले. लेबलावर जे आहे ते छापा. एक अक्षर जास्त नको, एक अक्षर कमी नको. मी त्यांना नावं ठेवायला सांगत नाही. नाव आहे, ते ठेवा म्हणते."

लेख नावासकट छापून आला. वर्तमानपत्रांनी चार दिवस गाजवला. संग्रहालयाने कुटुंबाला एक पत्र पाठवलं, त्यात 'झालेल्या गैरसमजाबद्दल खेद' होता आणि बाबांच्या नावाचं एक अक्षर चुकलं होतं. डिंकताईने ते दुरुस्त करून परत मागवलं. खालच्या आळीतली एक म्हातारी, तीच दारात उभी राहून बोलणारी, तिला बाजारात भेटली आणि हात धरून रडली. डिंकताईने हात सोडवून घेतला. तिला रडू आलं नाही. आता काय करायचं तुझं रडणं घेऊन, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याचं वाईटही वाटलं.

सरांच्या मुलीचा दोनदा फोन आला. बाबा जेवत नाहीत, एकदा येऊन जाल का? पहिल्यांदा डिंकताई म्हणाली, बघते. दुसऱ्यांदा म्हणाली, "नाही येणार." चष्मेवालीला ते कठोर वाटलं; तिने तसं बोलूनही दाखवलं. "तू पुढे कधीतरी जा हवं तर," डिंकताई म्हणाली, "तुझं त्यांनी काही नेलेलं नाही."

दादाला तिने फोन केला नव्हता. तो पेपर वाचून आपण होऊनच आला. साठीचा, छापखान्यात वाकून वाकून कुबड आलेला, हातात एक लहान बॅग. दारात उभा राहून म्हणाला, "आत येऊ का?"

"ये. तुला विचारायचंच आहे."

त्याने बॅगही खाली ठेवली नाही. "समितीतला एकजण धक्क्यावर आला होता. बाबा पलीकडे गेले होते. त्याने विचारलं, छप्पर छान आहे, कुठून आणलं हे सगळं? मला वाटलं कौतुकच करतोय. मी सांगितलं. पेंढ्या किती, कुठून, कधी. सगळं छाती फुगवून सांगितलं. पंधरा दिवसांनी पेपरात आलं."

"बाबांना माहीत होतं?"

"मी नाही सांगितलं. त्यांच्यासमोर बसून जेवता यायचं नाही मला. म्हणून गेलो."

"आणि मला? मला एका पत्रात लिहिता आलं नाही? मी तुला पाषाणहृदयी समजत आले, दादा. एकतीस वर्षं."

"तू त्या सरांचं किती गुणगान लिहायचीस पत्रात. समितीत तेही होते हे मला ठाऊक होतं, त्यांनी काय केलं ते नव्हतं. वाटलं, चूक आपल्या घराचीच आहे, निदान तुला एक चांगला माणूस मिळालाय, तो कशाला हिसकावून घ्या?"

ती चिडली. भांडं आपटून तिने चहा ठेवला. दोघांनी एकमेकांना खूप काही ऐकवलं, आईच्या आजारपणापासून ते उत्तर न आलेल्या पत्रांपर्यंत. शेजारणीने दार वाजवून सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. मग दोघं दमली आणि टेबलाशी समोरासमोर बसली. दादाने बॅग खाली ठेवली.

"शेवटी कसे होते बाबा?" त्याने विचारलं. "कुणाला विचारायची हिंमतच झाली नाही."

डिंकताईने हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. "शेवटचे चार दिवस त्यांना आपण होडीवरच आहोत असं वाटायचं. पलंगाची कड धरून बसायचे. माणसं मोजायचे. डॉक्टर आले तर त्यांना म्हणाले, जरा आत सरका. आईला म्हणाले, तुझी टोपली मांडीवर घे."

दादा हसला आणि त्याने तोंडावर हात धरला.

"आणि सारखं तुझं विचारायचे. पोरगा उतरला का पलीकडे? नीट उतरला का?"

"तू काय सांगितलंस?"

"उतरला म्हणाले. तेव्हा मी तुझ्यावर चिडलेलेच होते, पण म्हणाले. कोरडा उतरला, पायसुद्धा भिजला नाही, म्हणाले. मग बाबा झोपले."

चहावर साय धरली होती. तिने दादाचा कप उचलला, परत गरम करायला पातेल्यात ओतला आणि म्हणाली, "किती दिवस आहेस?"

"तू म्हणशील तितके."

"मग आधी अंघोळ करून घे," ती म्हणाली, "पाणी तापवते."